मेंढरांच्या पिक्चरचा शेवट

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळची शाळा. पेणहून सहाची एसटी, सव्वासातला रोह्यात. स्टाफरूममध्ये पेढे. आमचे पर्यवेक्षक टिपणीस सर, त्यांचा नवोपक्रम तालुक्यात पहिला आला, आता जिल्ह्याला जाणार. मीही पेढा घेतला. अर्धा खाऊन विचारलं, कुठला उपक्रम?

'आंतरराष्ट्रीय चित्रपटांच्या माध्यमातून विद्यार्थ्यांमध्ये सहअनुभूतीचा विकास.'

उरलेला अर्धा पेढा हातातच राहिला.

म्हणजे माझा शनिवारचा पिक्चर. चार वर्षं दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी संगणक खोलीच्या खिडक्यांना चादरी बांधतेय. जपानचा, इराणचा, कुठकुठचा पिक्चर लावायचा आणि पडद्याशेजारी उभं राहून एकेकाचं बोलणं मराठीत सांगत जायचं. आपल्या रोह्याच्या मराठीत. जपानी म्हातारी नातवाला "जेवलास काय रं" म्हणाली की पोरं तिला परकी धरत नाहीत. दोन तास सलग बोलून घसा बसतो. रविवारी मी घरात मुकी असते, ते सुधीरला आवडतं.

टि. (यापुढे एवढंच लिहिणार, पूर्ण नाव लिहायला शाई वाया घालवायची नाही) चार वर्षांत त्या खोलीत एकदा आला होता. चहाचं विचारायला.

२३ नोव्हेंबर, रविवार

मोठ्या बाईंकडून अहवाल मागवून घेतला. बेचाळीस पानं. सकाळी पोहे करायच्या आधी वाचायला बसले, पोहे सुधीरनेच केले.

माझं नाव 'सहकार्य' या मथळ्याखाली तिसरं. शिपाई मोहितेमामांच्या नंतर. मामांचं पहिलं हवंच, ते निदान चादरी बांधू लागतात.

मुलांच्या चिठ्ठ्यासुद्धा घेतल्यात. पिक्चर संपला की पिक्चरमधल्या कुणा एकाला चिठ्ठी लिहायची, ही माझी पद्धत. सप्टेंबरमध्ये "तपासायला द्या" म्हणून टि.ने चिठ्ठ्यांच्या वह्या नेल्या होत्या त्या यासाठी. तळपायाची आग मस्तकात गेली. चौथीतल्या पोरीसारखी रडले, मग रडल्याचाही राग आला.

पण पान चौदा.

पान चौदावर 'मेंढरांचा पिक्चर'. हे पोरांनी ठेवलेलं नाव. तुर्कस्तानचा पिक्चर, डोंगरातलं गाव, आयशे नावाची दहा वर्षांची पोर, आई, मेंढरं. बाप लांबच्या बंदरावर जहाजं तोडायच्या कामाला. घरात कुणाला वाचता येत नाही, म्हणून पोस्टमनच पत्र वाचून दाखवतो. टि.ने लिहिलंय: 'शेवटी वडिलांचे पत्र येते की पीक निघताच मी घरी परततो. आयशे आनंदाने रस्त्याकडे धावत सुटते. या सुखान्तामुळे विद्यार्थ्यांत आशावाद निर्माण झाला.'

मी मोठ्याने हसले. सुधीर स्वयंपाकघरातून बघायला आला.

पिक्चरचा शेवट असा नाहीच. पत्र बंदरावरच्या मुकादमाचं असतं. बाप तापाने गेला, त्याला तिथेच पुरलं, कपडे मागून पाठवतो. आयशे धावते ती ऐकवेना म्हणून. बदललं मी. जुलैमध्ये, उभ्या उभ्या, आयत्या वेळी. पहिल्या रांगेत नाजिया बसली होती, नववी ब. तिचे अब्बा आखातात. गेल्या रमजानपासून फोन नाही, कंपनीत विचारलं तर असा माणूस आमच्याकडे नाही म्हणतात. ती पोर तोंड उघडं ठेवून पोस्टमनकडे बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा लिहितात, जव निघालं की येतो." सीन लांबून घेतलेला, ओठ दिसत नाहीत. खपून गेलं.

म्हणजे टि.ने पिक्चर बघितलेलाच नाही. माझी थाप चोरलीय. चोराच्या अंगावर माझाच सदरा, आणि सदऱ्यावर माझं नाव शिवलेलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

विचारलंच.

"सर, अहवाल वाचला."

"छान झालाय ना? मागच्या वर्षी तुम्हालाच म्हटलं होतं, लिहून काढा. तुम्ही म्हणालात, मला कागद रंगवायला वेळ नाही. मग मी रंगवले. शाळेचंच नाव होतंय हो."

मी तसं म्हणाले होते. खरं आहे. खरं असल्यामुळे जास्त झोंबलं.

मोठ्या बाईंकडे गेले. त्यांचं म्हणणं, "टिपणीस मे महिन्यात रिटायर होतायत. पस्तीस वर्षांत बिचाऱ्यांना एक प्रमाणपत्र नाही. जाऊ दे ना."

बिचाऱ्यांना. मी पोरांना काय शिकवते तर दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघा. मला टि.च्या जागी उभं राहता येतं. त्याच्या बायकोचे गुडघे गेलेत, मुलगा घरी येत नाही, कवितांची वही आहे ती कुणी छापत नाही. सगळं माहीत आहे. माहीत असून काही वाटत नाही. त्याची भर सभेत फजिती व्हावी एवढंच वाटतं.

जिल्ह्याची समिती जानेवारीत प्रत्यक्ष बघायला येणार. थांबते. पान चौदाबद्दल तोंडातून अवाक्षर नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पिक्चर बंदच करावा असं वाटत होतं. मग म्हटलं, त्याच्यामुळे बंद का?

आज 'बर्फातल्या शाळेचा'. मोहितेमामांनी चादरी बांधल्या. मी नेहमीप्रमाणे पडद्याच्या खालच्या कडेला काळ्या कार्डपेपरची पट्टी लावली. पहिल्या वर्षी पट्टी नव्हती, तेव्हा पोरं खालची इंग्रजी अक्षरं लावत बसायची आणि वरचा माणूस रडून जायचा तरी कुणाला पत्ता नाही. म्हणून अक्षरं झाकली. मी लॅपटॉपवर वाचते, ती तोंडं बघतात.

या पट्टीबद्दल अहवालात एक शब्द नाही. माहीतच नाही त्याला.

नाजिया पिक्चरनंतर मागे थांबली. मेंढरांचा परत कधी लावणार विचारत होती. तिच्यासाठी दोनदा परत लावला, तरी ती सहाव्यांदा विचारतेय. वर्गातली पोरं आता तिला तिच्या अब्बांबद्दल नीट विचारतात, आधी चिडवायची, "तुझा बाप पळाला". चिठ्ठ्यांमध्ये अर्ध्या जणांनी आयशेला लिहिलं होतं की आमच्या वर्गात पण एक तुझ्यासारखी हाय. हे माझ्या थापेने झालं की पिक्चरने, देव जाणे.

६ डिसेंबर, शनिवार

एसटीला गडब गावापाशी भाताच्या पेंढ्याची गाडी आडवी, वीस मिनिटं खोळंबा. त्या वीस मिनिटांत समितीसमोरचा सगळा प्रसंग मनात रचून झाला. समितीतलं कुणीतरी म्हणणार, सर, खाली तर वेगळंच लिहिलंय. टि. चष्मा पुसणार. मी मागच्या बाकावर. मला विचारतील तेव्हा मी अगदी सौम्य आवाजात सांगणार, सर कधी आलेच नाहीत हो खोलीत. सौम्य आवाजाची तालीमही केली. शेजारची बाई बघायला लागली.

इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

३ जानेवारी, शनिवार

तारीख आली. २४ ला समिती. टि. स्टाफरूममध्ये माझ्या बाकापाशी आला. पहिल्यांदा खुर्ची ओढून बसला.

"बाई, कुठला लावावा? मला मेंढरांचा बरा वाटतो. शेवट गोड आहे. समितीच्या डोळ्यांत पाणी येईल."

मी म्हटलं, "येईल."

"पेन ड्राइव्ह देता?"

"देते."

हॉलमधल्या नव्या मोठ्या टीव्हीवर दाखवायचंय. इतका मोठा टीव्ही की खालचं अक्षर न अक्षर मागच्या भिंतीपर्यंत दिसेल.

सोमवारी पेन ड्राइव्ह दिला. पट्टीचं सांगितलं नाही. विचारलं नाही, सांगितलं नाही. मी काहीही केलेलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

(सोमवारचं शनिवारच्याच पानावर लिहितेय. दोन दिवस वही उघडली नव्हती.)

७ जानेवारी, बुधवार

घोळ.

कथन मी करणार नाही असं ठरलंय. टि. करणार असं मी धरून चालले होते. तो कसला करतोय. त्याने समितीला 'विद्यार्थी-केंद्रित' म्हणून कळवलं. पिक्चर विद्यार्थीच सांगणार. आणि कोण सांगणार? ज्या पोरीला सगळा तोंडपाठ आहे ती.

नाजिया मधल्या सुट्टीत धावत आली. "बाई, मला घेतलं. मी सांगणार. तुम्ही सांगता तस्सं."

मी "वा" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

८ जानेवारी, गुरुवार

सुधीरला सांगितलं. तो धरमतरला जेट्टीवर बार्जेसच्या नोंदी बघतो, कामातही आणि घरातही दोनच वाक्यांत बोलतो.

"सांगून टाक टिपणीसला. पिक्चर बदलेल."

"मग तो सुटेल."

"सुटू दे."

त्याला काय होतंय म्हणायला. त्याचे बार्ज कुणी स्वतःच्या नावावर दाखवत नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. टि.ने सगळ्यांना तिळगूळ वाटला. मला देताना दोन्ही हात पुढे केले, मोठ्यांना देतात तसे. मी घेतला. रुमालात बांधून पर्समध्ये टाकला, घरी येऊन मुंग्यांना घातला.

मग बराच वेळ त्या मुंग्या बघत बसले. चाळीस ओलांडून सात वर्षं झाली, आणि मी कुणाचा तरी तिळगूळ मुंग्यांना घालतेय. पण घातला ते घातला. पश्चात्ताप नाही.

१७ जानेवारी, शनिवार

आज अर्धवट प्रयत्न केला. टि.ला म्हटलं, सर, जपानी लावू या, मेंढरांचा जुना झाला. तो म्हणाला, अहवालात मुख्य उदाहरण मेंढरांचं आहे, बदलता येणार नाही.

पुढचं वाक्य जिभेवर होतं. 'सर, शेवट तसा नाहीये.' चार शब्द. तो तेव्हाच मोबाइलवर कुणाला तरी सांगत होता, "हो हो, माझीच संकल्पना." शब्द गिळले.

नाजियाला म्हटलं, तू नको सांगूस, घसा बसेल, स्नेहलला दे. ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच मान खाली घातली. "बाई, मी चुकते काय?" नाही गं, म्हटलं. "अम्मीला घरी म्हणून दाखवला आखा. अम्मी रडली न् मग हसली. ती येणार हाय बघायला. सरांनी पालकांना बोलवलंय."

अम्मी येणार.

घरी येताना ठरवलं, सोमवारी टि.ला सांगायचंच.

१९ जानेवारी, सोमवार

सांगितलं नाही.

त्याने समितीसाठी फलक करून घेतलाय. भला मोठा, त्याचा फोटो, खाली 'संकल्पना व कार्यवाही'. दारातून आत शिरताना पहिला तोच. आणि फोटोत मागे माझी संगणक खोली, माझ्या घरच्या चादरी. निळ्या फुलांची माझ्या लग्नातली.

नाही सांगणार.

२४ जानेवारी, शनिवार

जसं झालं तसं लिहिते.

समितीचे तिघं. जिल्ह्याच्या मॅडम, बारीक चणीच्या, काळजीपूर्वक सगळं टिपून घेणाऱ्या. पालक पंधरा-वीस. नाजियाची अम्मी डावीकडे शेवटच्या रांगेत, बुरख्यात, मांडीवर लहान मुलगा. टि.ने मला मागे उभं केलं, "पोरं गडबड करणार नाहीत एवढं बघा."

टि. आधी पंचवीस मिनिटं बोलला. सहअनुभूती, वैश्विक बंधुभाव. मग पिक्चर. शेवटची चाळीस मिनिटंच दाखवायची होती.

नाजिया टीव्हीशेजारी उभी राहिली. दोन वेण्या, नवी रिबिन. आणि काय सांगितलं त्या पोरीने. माझा शब्द न् शब्द, पण माझ्यापेक्षा चांगला. आयशेची आई मेंढराला ओरडते तिथे तिने स्वतःच्या अम्मीसारखा आवाज काढला, मागची रांग हसली. टीव्हीकडे तिची पाठ, आमच्याकडे तोंड. मी शिकवलंय तसं. खाली पांढरी अक्षरं पळत होती, तिने एकदाही वळून बघितलं नाही. मॅडम बघत होत्या. अक्षरंही बघत होत्या.

पोस्टमन बाकावर बसला. नाजिया म्हणाली, "पोस्टमन वाचतो, बाबा लिहितात, जव निघालं की मी येतो."

मॅडमनी हात वर केला. "एक मिनिट थांबवा. बाळ, इथे तर वेगळं लिहिलंय."

टि. हसला. "भाषांतरात थोडं इकडंतिकडं होतं मॅडम." आणि चष्मा पुसला. खरोखर पुसला. हेच तर मी एसटीत बघितलं होतं. मला आनंद झाला. तो लपवणार नाही. छातीत गरम गरम आनंद झाला.

मग नाजिया वळली. पिक्चर थांबलेला, अक्षरं तिथेच. ती बोट ठेवून वाचायला लागली. एकेक शब्द, वर्गात वाचते तसा. ही, इज, बरीड, हिअर. थांबली. मग सगळ्या हॉलवरून तिने माझ्याकडे बघितलं. टि.कडे नाही, मॅडमकडे नाही.

"बाई, बरीड म्हणजे काय?"

सगळ्यांची तोंडं मागे वळली. मला काहीही सांगता आलं असतं. जुलैमध्ये आलं होतं.

मी म्हटलं, "पुरलं."

तिने मान हलवली. परत टीव्हीकडे वळली आणि नीट, शांत आवाजात सांगितलं, "पोस्टमन वाचतो, त्याला इथं पुरलंय." जे काम दिलं होतं ते पुरं केलं. मग तिथेच उभी राहिली. पुढे काय करायचं कुणी शिकवलं नव्हतं.

टि. मॅडमना म्हणत होता, "हे कथन मुळात बाईंचं आहे. उपक्रमही तसा बाईंनीच, म्हणजे सुरुवात त्यांनीच केलेली आहे. मी फक्त शब्दांकन." सगळ्यांदेखत. घाईघाईने. मॅडमनी माझं पूर्ण नाव विचारलं आणि लिहून घेतलं.

मिळालं ते सगळं. जे दोन महिने पाहिजे होतं ते.

नाजियाची अम्मी तोपर्यंत उठून पुढे गेली होती. पोराला कडेवर घेऊन, दुसऱ्या हाताने नाजियाचं मनगट धरून दारातून बाहेर. माझ्या बाजूने गेली. थांबली नाही.

२५ जानेवारी, रविवार

घसा दुखत नाही, तरी बोलले नाही. सुधीरने विचारलं, झालं का मनासारखं? मी हो म्हटलं. तो टेबलावरचा पेपर उचलून बाहेर जाऊन बसला.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. नाजिया नाही.

सगळे पांगल्यावर टि. मैदानात माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला, खिशाला तिरंगा.

"पेन ड्राइव्ह देताना तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"त्या पोरीचा तरी विचार करायचा."

"तुम्ही चोरलंत सर."

"चोरलं. मान्य आहे. पण मला त्या पोरीच्या बापाचं माहीत नव्हतं. तुम्हाला होतं."

गेला. पाठमोरा म्हातारा दिसतो. माझा राग तसूभर कमी झाला नाही, उलट वाढला. चोराने मला शहाणपण शिकवावं, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नसावं.

२८ जानेवारी, बुधवार

जिल्ह्याचं पत्र. उपक्रमाची मूळ संकल्पना कोणाची, कार्यवाही कोणी केली, अहवालातील मजकूर वस्तुस्थितीला धरून आहे काय, याबाबत लेखी खुलासा आठ दिवसांत. मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, नीट लिहा हो, रिटायर होताना चौकशी लागली तर पेन्शनचे कागद अडकतात.

म्हणजे टि. आता माझ्या हातात. खरं तेवढं लिहिलं तरी पुरे.

दोनदा लिहायला घेतलं. 'अहवालातील मजकूर' इथपर्यंत येते. मग पुढे लिहावं लागतं की चित्रपटाचा शेवट मी बदलून सांगितला. का, ते लिहावं लागतं. कुणासाठी, ते.

नववी ब मध्ये आज नाजियाच्या बाकावर कुणी बसलं नाही. स्नेहलने विचारलं, बाई, दोन आजोबांचा पिक्चर पण खोटा सांगितलात काय? मी नाही म्हटलं. खरंच नाही. पण ती बाजूच्या पोरीला काहीतरी पुटपुटली आणि दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

३१ जानेवारी, शनिवार

चादरी बांधल्या नाहीत. मोहितेमामा विचारून गेले, मी आज नको म्हटलं. खुलासा पर्समध्ये, कोराच. सोमवारी द्यायचाय.

शाळा सुटल्यावर संगणक खोलीत एकटी बसले होते. नाजिया दारात. गणवेशात नाही, घरच्या कपड्यांत. आठवड्याने बघत होते.

आत ये म्हटलं. आली, पण बसली नाही. मी म्हटलं, नाजिया, माझं चुकलं. तेव्हा खोटं सांगितलं तेही चुकलं आणि गेल्या शनिवारी तुला पुढे उभं राहू दिलं तेही. ती ऐकत होती, पण ते ऐकायला आलेली नव्हती. दुसरंच काहीतरी पाठ करून आली होती, ओठ हलत होते.

"बाई, अम्मीनं विचारलंय."

"काय गं?"

"तुम्हाला अब्बांचं कायतरी कळलंय काय? कुणी सांगितलंय काय तुम्हाला? म्हणून तेव्हा बदललंत काय, मी पुढे बसलेली म्हणून?"

मला वाटलं होतं ती चिडली असेल. रडेल, ओरडेल. हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आठवडाभर त्या घरात माय-लेकी हेच बोलत असणार.

मी खुर्चीवरून उठले. म्हटलं, नाही गं बाळा. मला काही माहीत नाही. कुणी काही सांगितलेलं नाही. तुझ्या तोंडाकडे बघून मला ते वाचवेना, एवढंच. शप्पथ.

"खरं ना?"

"खरं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तोंडं बघायला मीच शिकवलंय.

"बरं. सांगते तिला."

दारापर्यंत गेली, चप्पल पायात सरकवली, मग न वळताच म्हणाली,

"अम्मी बोललेली, बाई नायच म्हणतील."